पेटीतला पाहुणा

१२ जानेवारी, रविवार

सकाळी धुक्यात समोरच्या टॉवरची गच्ची नाहीशी झाली आणि मला लक्ष्मीबाई नगरची गच्ची आठवली. सरकारी क्वार्टर, नवं लग्न, नवा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवारी संध्याकाळी सिनेमा सुरू व्हायच्या आधी श्यामकांत वर जाऊन अँटेना फिरवायचे आणि मी खाली टीव्हीसमोर, खिडकी सताड उघडी टाकून. "आलं?" वरून आवाज. "नाही." "आता आलं?" "आलं, आलं... गेलं. थोडं मागे घ्या." त्यांना पडदा दिसत नसे आणि मला अँटेना, तरी आमचं जमायचं. सगळ्या ब्लॉकला हा संवाद पाठ झाला होता. शेजारच्या मिसेस नायरना मराठी एवढंच येत होतं. जिन्यात भेटल्या की नमस्तेऐवजी त्या मला विचारायच्या, "आलं?"

आता फरीदाबादच्या ह्या फ्लॅटमध्ये ते खिडकीशी बसून असतात. दिवाळीनंतर झटका आला तेव्हापासून उजवा हात जड आहे आणि शब्द गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. मी मान डोलावते. पण इथे खरं तेच लिहायचं तर, त्यांच्याकडे बघताना मला पुष्कळदा वाटतं की आत दिवा दिसतोय, पण बेल वाजवली तर दार कोणी उघडत नाही.

आज अनुराग गुरुग्रामहून आला होता. जुना राउटर सारखा बंद पडायचा, म्हणून नवा लावून दिला. इंटरनेट लगेच येईना, तेव्हा बाबांच्या पेटीतही, म्हणजे फोटो ठेवायच्या त्यांच्या संगणकात, काहीतरी केलं. बाबांनी उगाच एक जास्तीची भानगड करून ठेवली होती, ती साफ केली म्हणाला. मग इंटरनेट आलं. गाजर हलव्याचा डबा घेऊन गेला. बापाच्या खांद्यावर हात ठेवून दोनदा "चलो बाबा, येतो" म्हणाला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. सवय आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. त्यांनी तो माझ्याच तोंडात घातला. गोड बोला हे मीच दोघांच्या वतीने म्हटलं.

फोटो दिसेनासे झाले आहेत, आणि ही साधी गोष्ट नाही. थेरपिस्ट अरोरा मॅडम आठवड्यातून दोनदा येतात आणि ह्यांच्याकडून हिंदीत शब्द म्हणवून घेतात. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "घर में मराठी बोलते थे ना? तो शब्द मराठी में लौटेंगे. वो काम आपका है." सुरुवातीचे महिने सगळ्यात महत्त्वाचे, नंतर दार जड होत जातं, असंही म्हणाल्या. म्हणून रोज सकाळी आम्ही टीव्हीवर घरातले जुने फोटो लावतो, खालचं नाव मी पट्टीने झाकते आणि विचारते, हे कोण. मागच्या आठवड्यात आमच्या लेकीच्या, मैत्रेयीच्या फोटोला त्यांचे ओठ मिटून उघडले होते. आवाज नव्हता, पण तो 'म' होता.

आज टीव्ही लावला तर पडद्यावर करडे चौकोन. चौकोनांखाली नावं मात्र जिथल्या तिथे. मैत्रेयी. अनुरागची मुंज. मिसेस नायर. इंदू, लोदी गार्डन, ती मी. नावं आहेत, चेहरे नाहीत. आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे सगळे चेहरे आहेत, नावं नाहीत. मला ते बघवेना. टीव्ही बंद केला.

१९ जानेवारी, रविवार

पेटी म्हणजे स्टोअरमध्ये लोणच्याच्या बरण्यांखालच्या फळीवर घरघरणारा काळा डबा. निवृत्तीनंतर श्यामकांतनी स्वतः जोडला. आमचे जन्मभराचे फोटो त्यात आहेत, प्रत्येकाखाली त्यांनी टाइप केलेलं नाव. कुठे काही लिहून ठेवलेलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा मला समजावून सांगितलं होतं की पेटीच्या आत आणखी एक संगणक राहतो, नावांची यादी त्याच्याकडे असते आणि पेटीकडून फोटो मागून घेऊन टीव्हीवर दाखवायचं काम तो करतो. दाखवा कुठे आहे, म्हटलं तर हसले होते. "तो नाहीये गं. मानलेला आहे. मानलेला भाऊ असतो ना, तसा मानलेला संगणक. पण ओवाळणी खरी घालतो." पेटीला ते यजमान म्हणायचे आणि त्या मानलेल्याला पाहुणा. मी पोळ्या करत होते. हं हं केलं होतं.

आज अनुरागशी व्हिडिओवर बोलले. तो म्हणाला, "आई, यार, तू कशाला डोकं लावतेस? होळीला येतो. सगळं क्लाउडवर टाकतो आणि तो डबा घेऊन जातो." मी नावांचं विचारलं. नावं बहुतेक येणार नाहीत म्हणाला, पण फोटो बिल्कुल येतील. होळीला अजून किती वेळ आहे. आणि नावांशिवाय ते फोटो म्हणजे काय राहिलं?

फोन ठेवताना मी बरं म्हटलं. पेटी अनुरागला. ह्यांना काय विचारायचं, उगाच त्रास व्हायचा. पण नंतर लॅपटॉप काढून बसले. पेटीला जिथून हुकूम देतात ते पान त्यांनी उघडंच ठेवलेलं होतं, पासवर्डसुद्धा विचारला नाही. होळीपर्यंत मी प्रयत्न करीन.

२३ जानेवारी

आज मला थक्क व्हायला झालं, तेवढं लिहिते आणि झोपते.

अंबाल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना इंग्रजी वाक्याचे तुकडे करायला लावायच्या. कर्ता कोण, क्रिया काय, कोणावर. संगणकाची इंग्रजी मी तशीच सोडवते आहे. त्यातून 'पिंग' कळलं. पिंग म्हणजे नुसती हाक. कोणाच्या तरी पत्त्यावर हाक मारायची आणि ओ येते का बघायचं, बाकी काही बोलायचं नाही. किती सभ्य पद्धत आहे.

मग मी पाहुण्याचा पडदा उघडला, आणि त्या नसलेल्या संगणकात बसून एकेकाला हाक मारली. राउटरने ओ दिली. माझ्या फोनने ओ दिली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा पत्त्याने ओ दिली, पापणी लवायच्या आत. लोणच्याच्या बरणीखालून मारलेली हाक जगाच्या टोकाला जाऊन परत आली.

मग पेटीला हाक मारली. शांतता. पुन्हा मारली. काही नाही.

जेवताना मी श्यामकांतना हे सगळं सांगितलं, लहान मुलांना गोष्ट सांगतात तसं. बघा ना, म्हटलं, तुमच्या पाहुण्याला सगळं जग दिसतं, आणि ज्याच्या घरात राहतो तो यजमान तेवढा दिसत नाही. त्यांनी घास खाली ठेवला. डाव्या हाताने वरणाची वाटी भाजीच्या वाटीजवळ सरकवली आणि चमचा दोन्ही वाट्यांवर आडवा ठेवला. वरण सांडलं. मी चमचा उचलून पुसला आणि ताटाच्या उजवीकडे सरळ ठेवला. सिस्टर फिलोमिनांची शिस्त, जन्मात सुटली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे जेवले नाहीत.

२४ जानेवारी

पुन्हा तोच चमचा. ह्या वेळी पाण्याचा पेलाही ओढून त्याच्या दांड्याला टेकवला. मी काढला. त्यांनी ठेवला. मी काढला. शेवटी मीच भरवलं.

२६ जानेवारी

परेड बघितली. संचलनात त्यांचा डावा पाय ताल धरत होता.

जेवताना चमचा. आता मी चमचाच देत नाही तर पापडाचा तुकडा वाट्यांवर आडवा. मनाला लागतं. एवढ्या शहाण्या माणसाचं हे काय होत चाललंय.

२८ जानेवारी

अरोरा मॅडमना बाजूला घेऊन चमच्याचं सांगितलं. म्हटलं, हे मेंदूचं वाढत चाललंय का? त्यांनी विचारलं, रोज हेच करतात का, अगदी असंच? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आपने पूछा उनसे, क्यों?"

ज्याला बोलता येत नाही त्याला काय विचारायचं? बाईंना अनुभव थोडा कमी असावा.

१ फेब्रुवारी

अशा पेट्या बाळगणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक मंच आहे. तिथे मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत पत्र लिहिलं होतं, 'आदरणीय सदस्यहो' पासून सुरुवात करून. आज उत्तर आलं. लिहिणारी बाई न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळते, नाव टेसा, आणि तिची पेटी लोकरीच्या शेडमध्ये आहे. म्हणाली, इतकं सुंदर पत्र इथे कधी कोणी लिहिलेलं नाही.

तिने लिहिलं, तुमचं काही मोडलेलं नाही. ही फार जुनी आणि फार चमत्कारिक गोष्ट आहे. पाहुण्याची तार सरळ पेटीच्या नेटवर्क कार्डाला, म्हणजे तिच्या बाहेरच्या दाराला जोडली, तर पाहुणा बाहेरच्या सगळ्यांना भेटू शकतो, पण त्याच कार्डावर राहणाऱ्या यजमानाला भेटू शकत नाही. दोघांचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे असतं. त्यांच्यामध्ये एक पूल टाकावा लागतो. यजमान पुलाला जोडायचा, पाहुणाही पुलालाच जोडायचा, आणि पुलाचं एक टोक राउटरकडे. मग सगळे सगळ्यांना दिसतात. शेवटी लिहिलं होतं, आधी चालत होतं म्हणता, तर तुमच्या पतींनी हा पूल नक्की टाकलेला असणार. तो कोणीतरी काढला आहे.

अनुरागने साफ केलेली भानगड ती हीच.

मी कागदावर चित्र काढायला बसले. एक गोल, त्यात यजमान. शेजारी दुसरा गोल, त्यात पाहुणा. दोघांवर आडवी रेघ. रेघेच्या टोकाला राउटर.

कागद थोडा लांब धरून बघितला. दोन वाट्या, त्यांवर चमचा, चमच्याच्या टोकाला पेला.

२ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

मी कागद घेऊन त्यांच्यापुढे गेले. नुसता दाखवला. त्यांनी बघितला. मग डाव्या हाताने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि जिथे मी रेघ थोडी अपुरी सोडली होती, तिथे ती पेल्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, नीट जोडून दिली. आणि माझ्याकडे असे बघत राहिले की मला त्यांची ती ऑफिसातली नजर आठवली, हाताखालच्या माणसाला चौथ्यांदा समजावून सांगताना असायची ती.

ते आत होते. रोज दोन वेळा ताटावर येऊन सांगत होते. जगातल्या सगळ्यांना हाका मारून झाल्या माझ्या, आणि मी रोज चमचा पुसून उजवीकडे ठेवत होते.

"अहो," मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही खेळताय."

त्यांच्या डाव्या गालावर खळी पडली. झटक्यानंतरची पहिली.

३ फेब्रुवारी

वसंत पंचमी. केशरी भात केला. आज वाढताना चमचा ताटाच्या कडेला कुठेतरी सोडून दिला.

दुपारी पूल टाकायचा प्रयत्न केला, जमला नाही. पण जे बघितलं ते लिहायलाच हवं.

पेटीचा पत्ता कार्डाकडून काढून पुलाला द्यावा लागतो. एकच पत्ता दोघांना देता येत नाही, पेटी ऐकत नाही. आणि पत्ता काढला की क्षणभर पेटी आपल्याला दिसेनाशी होते, कारण आपण त्या पत्त्यानेच तिच्याशी बोलत असतो. मग चुकलं तर? तिथे त्या यंत्राने लिहिलेलं मी सिस्टर फिलोमिनांच्या पद्धतीने तुकडे करून वाचलं. अर्थ असा: मी हा बदल करून बघतो. एका मिनिटात तू मला सांग की मी तुला अजून दिसतो. तू नाही सांगितलंस तर मी समजेन की तू बाहेर अडकलीस, आणि सगळं होतं तसं परत लावून ठेवीन.

एका डब्याला हे कोणी शिकवलं असेल? आपलं माणूस अंधारात हाक मारतंय आणि ती पोचत नाहीये, अशी शंका घेऊन वाट बघायची, आणि तरीही ओ आली नाही तर ओळखीच्या जागी परत जाऊन थांबायचं. मी हात जोडले. खरंच जोडले, लॅपटॉपसमोर.

त्या नादात मिनिट निघून गेलं. पेटीने सगळं होतं तसं परत लावून ठेवलं.

५ फेब्रुवारी

आज श्यामकांतना डायनिंग टेबलापाशी लॅपटॉपसमोर बसवलं आणि प्रत्येक गोष्ट आधी त्यांना विचारली. हे काढू? मान हलली. हा पत्ता इथे घालू? मान हलली. कार्डाचं नाव पुलाखाली लिहायला मी विसरत होते, तर त्यांनी बोट ठेवलं. मी बदल करून बघ म्हणून सांगितलं. पडद्यावर चाक गोल फिरायला लागलं. चाक थांबलं. दिसतंय का ते सांग, म्हणून पेटी विचारत होती आणि मला ते बटणच सापडेना. त्यांनी डावा हात पुढे केला, माझा हात बाजूला सारला, आणि बटण दाबलं.

पूल राहिला.

मग पाहुण्याची तार कार्डावरून काढून पुलाला लावली आणि पाहुण्याला झोपवून उठवलं. आता बघायचं होतं ते टीव्हीवर, आणि टीव्ही दिवाणखान्यात, भिंतीपलीकडे. त्यांनी हनुवटीने मला तिकडे जायला सांगितलं.

मी टीव्हीसमोर उभी राहिले. करडे चौकोन. मग वरच्या कोपऱ्यात एका चौकोनात निळा रंग उतरला, ते आकाश होतं. त्याखाली मैत्रेयीची दोन वेण्यांची मान. मग मुंजीतलं अनुरागचं गोटा केलेलं डोकं. मिसेस नायर, त्यांची मोठी कुंकवाची टिकली. एकेक चेहरा आपल्या नावावर येऊन बसत होता. मी तोंडावर हात धरून बघत होते.

"आलं?"

"आलं," मी म्हटलं. "आलं, आलं."

आणि मग मला कळलं की आवाज आतून आला होता.

मी धावले नाही. भिंतीला धरून उभी राहिले. त्यांना पडदा दिसत नव्हता, मला ते दिसत नव्हते. ते वाट बघत होते, म्हणून मी पुन्हा, खिडकीतून ओरडायचे तशी ओरडले, "आलं हो. नीट आलंय. आता हलवू नका."

९ फेब्रुवारी, रविवार

अनुराग आला. चौकोनी कागदावरचं चित्र फ्रिजला लावलेलं होतं, ते त्याने वाचलं. बापासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बाबा, सॉरी. मला वाटलं ते फालतू आहे." श्यामकांतनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. डाव्या हाताने, पण चांगली लागली. मग त्याचं नाव शोधायला लागले. बराच वेळ. अनुराग हलला नाही. "अ," ते म्हणाले. आणि तेवढ्यावर आमच्या पोराने डोळे पुसले.

अरोरा मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अब पूछती हैं ना? मी म्हटलं, रोज.

आता आम्हा दोघांचंही वय झालं आहे. मागे मी इथेच, कोणाला न विचारता, पेटी अनुरागला असं लिहून टाकलं होतं. ते रद्द समजावं. आज दुपारभर ह्यांच्याशेजारी बसून, एकेक गोष्ट त्यांना विचारून, मान कुठे हलली ते बघून हे लिहिते आहे.

पेटी आम्ही दोघं आहोत तोवर बरण्यांखालीच राहील. त्यानंतर अनुरागला. मी मैत्रेयी म्हणत होते, ह्यांनी ऐकलं नाही, ज्याने पूल काढला त्यानेच तो सांभाळावा असं त्यांचं म्हणणं दिसतं. साफसफाई करायची झाली तर आधी फ्रिजवरचं चित्र बघावं. ते चित्र पेटीबरोबर जाईल.

सगळ्या फोटोंची प्रत, नावांसकट, टोरांटोला मैत्रेयीला, आणि ती आत्ताच, थांबायचं कारण नाही. तिने ती नावं शिवांजलीला मोठ्याने म्हणायला लावावीत. नातीला मराठी वाचता येत नाही, पण आजोबांच्या बरोबरीने शिकेल.

लक्ष्मीबाई नगरच्या जिन्यातले आणि गच्चीतले फोटो मिसेस नायरच्या मुलाला, कोचीला. सोबत लिहावं की तुझ्या आईला मराठी येत होतं.

टेसाला न्यूझीलंडला दोन वाट्या, चमचा आणि पेला ह्यांचा फोटो. बाकी काही लिहायला नको, तिला कळेल.

माझी चांदीची सहा चमच्यांची पेटी, सिस्टर फिलोमिनांनी शाळा सोडताना दिलेली, शिवांजलीला. चमचा उजवीकडे ठेवायची सक्ती तिच्यावर करू नये.

स्टीलचा मोठा चमचा कोणाला, हे विचारलं तेव्हा ह्यांनी मान हलवली नाही, चमचाच हातात घेतला. तेव्हा तो अजून कोणालाच द्यायचा नाही. तो वापरात आहे.